धर्मांतर म्हणजे देशांतर नव्हे

द्वितीय वर्ष, कला शाखा

खानदेशात राहणाऱ्या ख्रिस्ती माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "तुम्ही मूळचे कुठले?" उत्तर भुसावळ, नवापूर किंवा चाळीसगाव असे आले, की विचारणाऱ्याचे समाधान होत नाही. "तसं नव्हे हो, अगदी मूळचे?" असा दुसरा प्रश्न पाठोपाठ येतोच. विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट असते असे मुळीच नाही. परंतु ख्रिस्ती म्हटला म्हणजे तो गोव्याचा असावा, मुंबईचा असावा, घरात इंग्रजी बोलत असावा, ही समजूत आपल्याकडे फार मुरलेली आहे. त्यामुळे घरी अहिराणी बोलणारा, बाजारात भरताची वांगी पारखून घेणारा आणि रविवारी प्रार्थनेला जाणारा माणूस प्रत्यक्ष समोर उभा असला तरी तो इथलाच आहे, हे चटकन पटत नाही.

"धर्मांतर म्हणजे राष्ट्रांतर" हे वाक्य आपण सर्वांनीच भाषणांतून ऐकलेले आहे. वाक्य ठसकेबाज आहे, टाळी घेणारे आहे; पण ते खरे आहे काय? या लेखात मला एवढ्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. मी स्वतः ख्रिस्ती आहे, हे आरंभीच सांगून टाकते, म्हणजे वाचकांनी माझे म्हणणे हवे तितके पारखून घ्यावे. माझे मत असे आहे की माणूस देवाकडे जाण्याची वाट बदलतो तेव्हा त्याची भाषा, त्याची माती आणि त्याची नाती बदलत नाहीत. ज्यांनी ती बदलावयास लावली ते चुकले, आणि ती बदललीच असे जे गृहीत धरतात तेही चुकतात.

यासाठी पुरावा शोधावयास दूर जाण्याची गरज नाही. तो आपल्या जळगावातच आहे. १९०७ साली जळगाव येथे पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे त्याचे अध्यक्ष होते. त्या संमेलनात धरणगावच्या एका कोवळ्या मुलाने आपली कविता म्हटली, आणि अध्यक्षांनी त्याला 'बालकवी' ही पदवी दिली. त्र्यंबक बापूजी ठोंबरे हे त्या मुलाचे नाव. ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत, आणि खानदेशाला तिचा रास्त अभिमान आहे. पण त्यापुढची गोष्ट आपण सहसा सांगत नाही. हा धरणगावचा मुलगा पुढे तेव्हाच्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ज्या घरात राहिला ते घर रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे होते. टिळक ख्रिस्ती झालेले होते, आणि लक्ष्मीबाईंनी या मुलाला घरच्या मुलासारखे वागविले. तो काळ डोळ्यांसमोर आणा. 'बाटलेल्या' माणसाच्या हातचे पाणी पिणेसुद्धा पाप मानण्याचा तो काळ. त्या काळात एक ब्राह्मण कवी एका ख्रिस्ती घरात राहतो, जेवतो, कविता लिहितो, आणि ख्रिस्ती न होताच त्या घरचा होऊन जातो! ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली सापडून बालकवींचा अंत झाला. त्यानंतर वर्षभराने, ९ मे १९१९ रोजी टिळकही गेले. मराठी निसर्गकवितेचा इतिहास लिहिणाऱ्याला हे घर ओलांडून पुढे जाता येत नाही. मग त्या घराला परके कसे म्हणावयाचे?

टिळकांचे घर म्हटले म्हणजे लक्ष्मीबाईंकडे वळावेच लागते. धर्मांतराचा कुटुंबावर काय परिणाम होतो, हे पाहावयाचे असेल तर त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राइतका प्रामाणिक ग्रंथ दुसरा नाही. १९३४ ते १९३६ या काळात तो भागाभागांनी प्रसिद्ध झाला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंचे वय सव्वीस होते आणि पदरी लहान मुलगा होता. नवऱ्याने पत्नीला विश्वासात न घेता एवढा निर्णय घेतला, ही गोष्ट आजच्या कोणाही मुलीला खटकेल, मलाही खटकते. ख्रिस्ती म्हणून मी त्यावर पांघरूण घालणार नाही. त्यानंतर काही वर्षे त्या नातेवाइकांच्या आश्रयाने राहिल्या. पुढे नवऱ्याकडे आल्या त्याही आपले सोवळे घेऊन. वेगळी चूल, वेगळे पाणी असा संसार त्यांनी केला. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही, हा टिळकांचा मोठेपणा. आणि लक्ष्मीबाईंनी जातीपातीचा भेद टाकला तो कोणाच्या धाकाने नव्हे; देवाने माणसे केली आणि जाती माणसांनी केल्या, हे स्वतः विचार करून त्यांना पटले तेव्हा टाकला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो हा विचार पुरा झाल्यावर.

या हकीकतीत मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली ही की धर्मांतराने घर मोडू शकते, हे खरे आहे. ते नाकारण्यात काही अर्थ नाही. दुसरी ही की ते घर पुन्हा जुळले ते धर्माच्या बळावर तितके नाही, जितके एकमेकांची वाट पाहण्याच्या बळावर जुळले. शाळेचे शिक्षण जवळजवळ नसलेल्या या बाईने जी मराठी लिहिली, ती आजही भाषेच्या विद्यार्थ्याने आदर्श म्हणून समोर ठेवावी अशी आहे. तिच्यात कुठे परक्या देशाचा वास येतो? त्या भाषेत नाशिकजवळच्या जलालपूरची विहीर आहे, सोवळ्याची दोरी आहे, स्वतःवर हसण्याची कला आहे.

कुटुंबाचाच विषय निघाला आहे तर कायद्याचेही थोडे बोलू. आपल्या देशात ख्रिस्ती कुटुंबाला लागू असलेला भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ सालचा आहे. मृत्युपत्र न करता बाप वारला, तर मुलगा व मुलगी यांना सारखा वाटा, हे तत्त्व त्यात तेव्हापासून आहे. जुन्या त्रावणकोर संस्थानातील ख्रिस्ती मुलींना मात्र त्यासाठी १९८६ सालापर्यंत थांबावे लागले. मेरी रॉय यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन तो हक्क मिळविला. हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क २००५ सालच्या दुरुस्तीने संपूर्ण देशात मिळाला. एवढे वाचून ख्रिस्ती वाचकाची छाती फुगावयास नको. कारण घटस्फोटाचा आमचा कायदा १८६९ सालचा. त्यात पत्नीचा व्यभिचार एवढे एकच कारण नवऱ्याला पुरत असे. पत्नीला मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराबरोबर क्रूरपणा किंवा परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. हा उघड अन्याय दूर व्हावयास २००१ साल उजाडले. तात्पर्य, कोणत्याही धर्माचे कुटुंब आयते न्यायी नसते. ते न्यायी करण्यासाठी त्या धर्मातल्याच बायकांना भांडावे लागते. या बाबतीत खेड्यातील पाटलाची मुलगी आणि भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधील ख्रिस्ती मुलगी यांचे दुःख एकाच जातीचे आहे.

आता इतिहासाकडे पाहू. मराठी भाषा आणि ख्रिस्ती माणूस यांची ओळख इंग्रजी राज्याच्याही आधीची आहे. १५७९ साली गोव्यात आलेले फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. त्यांनी ख्रिस्ताची कथा सांगण्यासाठी इंग्रजी घेतली नाही, पोर्तुगीज घेतली नाही. ज्ञानेश्वर-एकनाथांची ओवी घेतली. सुमारे अकरा हजार ओव्यांचे त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले, आणि त्यात त्यांनी मराठीचे जे कौतुक केले आहे ते आपल्या सर्व वाङ्मयेतिहासांत नोंदलेले आहे. पुढे १८४२ साली अहमदनगरच्या अमेरिकन मिशनने 'ज्ञानोदय' सुरू केले. १८५७ साली बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी आली. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतात, आणि तिचा विषय आहे विधवांचे दुःख. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले त्यात अहमदनगरच्या मिस सिंथिया फरार यांचा वाटा होता. जोतीराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. पण ते ख्रिस्ती झाले नाहीत. शाळेत शिकून त्यांनी स्वतःचा विचार केला.

येथे कोणी म्हणेल, "अहो, त्या शाळा काढणाऱ्यांचा हेतू धर्मप्रसाराचाच होता!" होता, यात शंका नाही. मिशनऱ्यांनी तो कधी लपविलाही नाही. इतकेच नव्हे, तर इथल्या चालीरीतींविषयी त्यांच्यापैकी अनेकांनी तुच्छतेने लिहिले, आणि नव्या ख्रिस्ती माणसांना विलायती नाव, विलायती चाल, विलायती पोशाख यांतच भक्ती आहे असे वाटावयास लावले. ही चूक होती, आणि ती चूक आहे असे सर्वांत मोठ्या आवाजात सांगणारे लोक मराठी ख्रिस्तीच होते. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, परंतु आपली पांढरी साडी आणि शाकाहार त्यांनी सोडला नाही. मला विचार करण्याचा अधिकार देवाने दिला आहे, तो मी पाद्र्यांच्या स्वाधीन करणार नाही, अशीच त्यांची वृत्ती राहिली. १८८९ साली शारदा सदन काढणाऱ्या, केडगावला दुष्काळातील अनाथ मुलींना सांभाळणाऱ्या या बाईंनी उत्तरायुष्यात हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. टिळकांनी तर अभंग, भजन आणि कीर्तन हे सारे ख्रिस्ताच्या देवळात नेले. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, त्यांनी 'देवाचा दरबार' काढला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोघांसाठीही. आज मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत जी गीते गातात त्यांचा मोठा भाग टिळकांचा आहे, आणि ती पेटी-तबल्यावर, टाळांच्या साथीने गातात.

माझी आजी शाळेत कधी गेली नाही. शास्त्र स्वतः वाचता यावे एवढ्यासाठी ती मोठेपणी अक्षरे शिकली, आणि बोट ठेवून मराठी बायबल वाचू लागली. घरात कॉलेजपर्यंत आलेली मी पहिली; पण घरातले पहिले पुस्तक आजीचे. नाताळात आमच्याकडे करंज्या, चकल्या, शेव असा फराळ होतो आणि तो शेजारच्या घरी ताटावर रुमाल टाकून जातो. दिवाळीत तेच ताट भरून परत येते. रिकामे ताट परत करू नये, ही रीत कोणत्या धर्माची? ती आपल्या गल्लीची रीत आहे. संस्कृती या जड शब्दाचा अर्थ मला तरी असाच समजतो.

हा प्रश्न केवळ कविता-फराळाचा असता तर मी वार्षिकाची एवढी पाने अडविली नसती. आज तो माणसांच्या हक्कांचा झाला आहे. जुन्या पश्चिम खानदेशात स्वीडिश व अमेरिकन मिशनऱ्यांनी काम केले. नवापूर तालुक्यातील चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय अजून चालू आहे. तो भाग पूर्वी धुळे जिल्ह्यात होता, १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आहे. तेथील मावची, भिल्ल, कोकणी समाजातील काही कुटुंबे ख्रिस्ती आहेत. धर्म बदललेल्या आदिवासींना अनुसूचित जमातींच्या यादीतून काढावे, अशी मागणी देशात अधूनमधून होत असते. ती करणाऱ्यांना मी एवढेच विचारीन: रविवारी प्रार्थनेला गेल्यामुळे त्या मावची माणसाची डोंगरउतारावरची जमीन सुपीक झाली काय? त्याची बोली बदलली काय? सावकाराने त्याचे व्याज कमी केले काय? जमात ही त्याच्या जगण्याची स्थिती आहे, आणि संविधानाने ती धर्माशी बांधलेली नाही. दलितांच्या बाबतीत मात्र तसे नाही. अनुसूचित जातींचा १९५० सालचा आदेश आरंभी हिंदूंपुरता होता. १९५६ साली त्यात शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा समावेश झाला, ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. "तुमच्या धर्मात जात नाही ना?" असे त्यांना विचारले जाते. धर्मात नाही हे खरे. पण गावात आहे, विहिरीवर आहे, आणि अत्यंत खेदाने सांगावेसे वाटते, की लग्न जुळविताना आमच्या ख्रिस्ती समाजातही आहे. जी गोष्ट आम्ही प्रवचनात नाकारतो आणि सोयरीक करताना पाळतो, तिच्याबद्दल आम्ही आधी स्वतःला जाब विचारला पाहिजे.

धर्मांतर आमिषाने होते, असा आरोप नेहमी होतो. आमिष दाखवून वा धाक घालून केलेले धर्मांतर निंद्यच आहे. तसे करणारा ख्रिस्ताचाच अपमान करतो. पण प्रत्येक धर्मांतरित माणूस विकला गेला असे मानणे, म्हणजे गरिबाला मन नसते असे मानणे होय. टिळकांना काय आमिष मिळाले? धर्मांतराने त्यांचा संसार काही वर्षे तरी उद्ध्वस्त झाला. शिकलेल्या टिळकांच्या बाबतीत जो विचार आपण मान्य करतो, तोच नवापूरच्या शेतमजुराच्या बाबतीत का मान्य करू नये? संविधानाचे कलम २५ विवेकाचे स्वातंत्र्य देते तेव्हा त्यात पदवीची अट घातलेली नाही.

नागरिक म्हणून ख्रिस्ती समाजाने या देशाकडे काय मागितले, हेही पाहावे. घटना समितीचे उपाध्यक्ष डॉ. हरेंद्र कुमार मुखर्जी हे ख्रिस्ती होते, आणि अल्पसंख्याकांविषयीच्या उपसमितीचेही ते अध्यक्ष होते. धार्मिक अल्पसंख्याकांसाठी कायदेमंडळात राखीव जागा असाव्यात की नसाव्यात हा प्रश्न १९४९ साली निर्णयाला आला, तेव्हा त्यांनी राखीव जागा सोडून देण्याच्या बाजूने कौल दिला. बहुसंख्य शेजाऱ्यांच्या सद्भावनेवर टाकलेला तो विश्वास होता. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्राच्या सव्वाअकरा कोटींच्या आसपास लोकवस्तीत ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे शंभरात एकसुद्धा पुरता नाही. एवढ्या लहान समाजाने टाकलेल्या विश्वासाची किंमत मोठ्या समाजाने ओळखली पाहिजे. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, येथे भरलेल्या ९३ व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. ज्यांनी 'सुबोध बायबल' मराठीला दिले, आयुष्यभर मराठीत लिहिले, त्यांच्या निवडीलासुद्धा ते पाद्री आहेत म्हणून काहींनी विरोध केला. २०२४ साली ते निवर्तले. स्टीफन्सच्या ओवीनंतर चारशे वर्षांनीही मराठी ख्रिस्ती लेखकाला आपले मराठीपण सिद्ध करून दाखवावे लागते, याची खंत वाटते.

आणि तरीही सगळा दोष दुसऱ्यांच्या माथी मारणे बरे नव्हे. टाळी एका हाताने वाजत नाही, तशी भिंतही एका बाजूने उभी राहत नाही. मिशन कंपाउंडच्या भिंती मिशनऱ्यांनी बांधल्या. ते गेले, पण त्या भिंतींच्या आत राहण्याची सवय आम्ही मोडली नाही. नगरपालिकेच्या निवडणुकीत, पाणीटंचाईच्या मोर्च्यात, वाचनालयाच्या सभेत आम्ही किती वेळा दिसतो? आमची मुले टिळकांची गीते पाठ म्हणतात, पण बालकवींचे धरणगाव पाहून येत नाहीत. शेजाऱ्याने आपल्याला ओळखावे असे वाटत असेल तर आपणही उंबरठा ओलांडला पाहिजे.

म्हणून शेवटी दोन सूचना कराव्याशा वाटतात. लहान तोंडी मोठा घास समजून गुरुजनांनी क्षमा करावी. आपल्या महाविद्यालयाच्या वाङ्मय मंडळाने एक वर्ष तरी बालकवींची जयंती १३ ऑगस्ट रोजी धरणगावात साजरी करावी, आणि त्या दिवशी 'स्मृतिचित्रे'तील बालकवींच्या आठवणींचे वाचन ठेवावे. वाचनासाठी ख्रिस्ती विद्यार्थ्यांनाच पुढे करू नये. कोणीही वाचावे, कारण ते पुस्तक सर्वांचे आहे. दुसरी सूचना माझ्या ख्रिस्ती मित्रमैत्रिणींना. आपल्या आजी-आजोबांकडे असलेल्या जुन्या वह्या, गीतांची पुस्तके, ज्ञानोदयाचे पिवळे पडलेले अंक रद्दीत घालू नका. ते महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आणून द्या, किंवा धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात नेऊन दाखवा. इतिहासाचार्यांच्या नावाने १९२७ साली सुरू झालेल्या त्या संस्थेत खानदेशाच्या कागदपत्रांची किंमत कळते, आणि तुमच्या आजीची वहीसुद्धा खानदेशाचेच कागदपत्र आहे.